बाविसाव्या मजल्यावरची इस्त्री

सा देक,
दहावा चांद्रमास, तिथी चौथी

प्रिय दादा,

मी कागदावर लिहिते आहे याचं तुला नवल वाटेल. फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणतोस, आणि मोबाईलवर चार ओळी पाठवल्या की उत्तरादाखल एक अंगठा येतो. अंगठ्याशी भांडता येत नाही. कागदाचं बरं असतं, तो मध्येच बंद करता येत नाही. फाडायचं तर फाड, पण बहुतेक आधी वाचशील. शिवाय हे पत्र लिहायला मला सांगण्यात आलं आहे. कुणी सांगितलं आणि कशासाठी, ते शेवटी लिहीन. आधी मला माझं बोलून घेऊ दे.

आई परत येऊन आज एकवीस दिवस झाले. गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी मळ्यात गुडघाभर पाण्यात उभी होते, नव्या वर्षाच्या टेट सणासाठी लावलेल्या शेवंतीचे शेंडे खुडत. तू 'कशी आहेस' विचारलं नाहीस. म्हणालास, "थोआ, खरं सांग, तिला आमच्याकडे काय कमी होतं?" आणि मी तोंड उघडायच्या आत तूच यादी वाचायला लागलास. नदी दिसणारी खोली. स्वतःची न्हाणीघराची सोय. मालिश करणारी खुर्ची. हवा शुद्ध करणारं यंत्र. "लोक जीव टाकतात अशा घरासाठी, आणि ही बाई न सांगता सकाळची बस पकडून निघून जाते. तूच काहीतरी भरवलं असशील तिच्या डोक्यात." मी 'पाण्यात उभी आहे, ठेवते' म्हणाले, कारण आई चार हातांवर होडीवर बसून कुंड्यांत माती भरत होती आणि तिचे कान अजून शाबूत आहेत. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, दादा.

खोटं कशाला बोलू, तुझं घर मला आवडलं होतं. चौथ्या महिन्यात मी आईला भेटायला आले तेव्हा पहिल्यांदाच सायगॉनमधली तुमची थाओ दिएन वस्ती बघितली. सगळ्या पाट्या इंग्रजीत, झाडांखाली कॉफीची दुकानं, आणि एका दुकानात दिव्यांवर आपल्या इकडच्या वेताच्या टोपल्या उलट्या टांगलेल्या. आई त्यांच्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, "अगं बघ, यातून आपण बदकं नेतो." सगळं दुकान वळून बघायला लागलं आणि आम्ही दोघी हसत हसत पुढे पळालो. तुझ्या दिवाणखान्यात आपल्या गल्लीतली चार घरं मावतील. पडदे बटणावर उघडतात. दोन स्वयंपाकघरं, एक पाहुण्यांना दाखवायचं आणि एक खरोखर रांधायचं. आई रोज सकाळी पडदा उघडायची आणि नदीच्या वळणाकडे बघत बसायची. तिने तुला विचारलं होतं, ही आपल्याकडचीच नदी का? तू म्हणालास, "नाही आई, ही वेगळी, सायगॉनची." तर म्हणाली, "असू दे. पुढे समुद्रात भेटत असतील." बाल्कनीत उभी राहून तिने मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, हिचं इथे बस्तान बसलं. दादाने आईच्या म्हातारपणाचं सोनं केलं. परतीच्या बसमध्ये मी चक्क तुझं कौतुक करत बसले होते.

वहिनीबद्दलही माझी तक्रार नाही, हे इथेच लिहून ठेवते. येनने तिला गुडघ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, पायांना मऊ सपाता आणल्या. खारवलेल्या माशांची बरणी उघडू नका, वास पडद्यांना धरतो, असं ती म्हणाली, पण हात धरून म्हणाली. घराबाहेर पडताना तो फुलाफुलांचा सदरा-पायजमा घालू नका, असंही म्हणाली. आता आपल्याकडे बाजारात, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, सगळीकडे बायका त्याच जोडात फिरतात. आईकडे तसले नऊ जोड आहेत आणि पैकी दोन तर तिला नवेकोरे वाटतात. पण तेही राहू दे. सुनेने सासूला कपड्यांवरून बोलावं, सासूने जांभई देत ऐकून घ्यावं, हे चालायचंच.

मला पहिल्यांदा खटकलं ते लिफ्टचं कार्ड. आई मला खाली घ्यायला आली आणि पुढच्या दाराने न नेता मागच्या बाजूने घेऊन गेली, कचऱ्याच्या डब्यांशेजारून. तिथल्या लिफ्टला आतून पत्रा मारलेला. तिने ऐटीत करड्या रंगाचं कार्ड लावलं आणि म्हणाली, "ही लिफ्ट मोठी आहे, आणि गर्दी नसते." आमच्याबरोबर तीन बायका होत्या, तिघींच्या हातात बादल्या. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, राहणाऱ्यांची सोनेरी कार्डं घरागणिक मोजून मिळतात, आणखी एकासाठी अर्ज केला आहे, तोवर हे घरकामाच्या माणसांचं कार्ड, तात्पुरतं. तुझं कार्ड, वहिनीचं, तुझ्या लेकीचं, उयेनचं. चौथं तुझ्या ड्रायव्हरकडे, गाडी वर-खाली करावी लागते म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, तात्पुरतं आहे. आई तुझ्याकडे आठ महिने राहिली, दादा. आठही महिने ती त्या पत्र्याच्या लिफ्टनेच वर-खाली करत होती. पुढचं सगळं ऐकल्यावर मला वाटतं, तो अर्ज तू केलाच नव्हतास. केला असशील तर मी चुकले असं समज.

बाबांचं तुला आठवत असेलच. त्यांच्या पूजेतलं, उदबत्त्या खोचायचं राखेचं भांडं इथून हलवायच्या आधी आईने एका बाजूने काळी रंगवलेली दोन नाणी बशीत टाकून त्यांना विचारलं होतं, लुअनकडे येणार का? दोन्ही नाण्यांची एकच बाजू वर. म्हणजे नाही. पुन्हा टाकली, पुन्हा नाही. तू घड्याळ बघत होतास, गाडी चालू ठेवलेली होती. तिसऱ्यांदा एक पांढरं, एक काळं पडलं, म्हणजे हो. आई म्हणाली, "थोरल्याचं मन मोडवलं नाही त्यांना." मग तिने भांडं लाल कापडात बांधलं आणि सायगॉनपर्यंत मांडीवर धरलं. तिकडे काय झालं? शिंपल्याची नक्षी असलेलं बाबांचं पूजेचं कपाट तुझ्या सजावटकाराला घराशी जुळतंसं वाटेना. त्याने त्यांना भिंतीतल्या एका कोनाड्यात बसवलं आणि वर सरकतं दार लावलं. पाहुणे आले की दार बंद. ज्या माणसाने रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही कधी चहा पाजल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, त्याला पाहुणे आले की कोंडायचं!

घरात धूर चालत नाही, छतावरची यंत्रं बोंबलतात, म्हणून तू विजेच्या उदबत्त्या आणल्यास. तीन प्लास्टिकच्या काड्या, टोकाला लाल दिवा. आईने त्या उलटसुलट करून बघितल्या आणि तुला विचारलं, "बाबांना जेवायला बोलवायचंय की शॉक द्यायचाय?" तू पोट धरून हसलास, हे तिने मला दहा वेळा सांगितलं. तुला हसवलं याचाच तिला केवढा आनंद. पण आपल्याकडे धुरावाचून हाक पोचत नाही, हे तुला माहीत आहे. गेलेल्या माणसाला वाट सापडते ती त्या वासावरूनच. सहा वर्षं तिने एक संध्याकाळ चुकवली नव्हती. तुझ्याकडे ती काय करायची माहीत आहे? संध्याकाळी करडं कार्ड घेऊन खाली उतरायची, नदीकाठच्या कठड्यापाशी तीन काड्या लावायची, आणि वर बावीस मजले मान करून म्हणायची, "वर आहे हो मी, वरून तिसरी खिडकी, तिकडे या." पहारेकऱ्याने तिसऱ्या आठवड्यात तिला हुसकलं. मग ती गाड्यांच्या तळघरात गेली. तिथूनही हुसकलं. दर वेळी ती त्याला "चुकलं हं बाबा" म्हणायची आणि उरलेल्या काड्या पिशवीत घालून वर यायची.

आणि मग आठव्या महिन्याची पौर्णिमा. तू ऑफिसात, वहिनी ऑफिसात. आईने भरदुपारी बाविसाव्या मजल्यावरच्या आगीच्या जिन्यात, दार लोटून, उदबत्त्या लावल्या. तिला वाटलं, जिना म्हणजे घराबाहेर. दहा मिनिटांत सगळी इमारत किंचाळायला लागली. लिफ्ट बंद पडल्या. लोक पोहण्याच्या कपड्यांत, कुत्री काखेत मारून, जिन्याने खाली. आई तिच्या त्या गुडघ्यांनी बावीस मजले उतरली, आणि वाटेत तुमच्या शेजारच्या परदेशी बाईची चिमुरडी रडत होती म्हणून तिचा हात धरून, पायऱ्या मोजत मोजत. खाली हिरवळीवर पोचल्यावर तिने स्वतःच हात वर केला. "मी लावली उदबत्ती. कुठे काही पेटलेलं नाही. मी लावली, माफ करा." प्रत्येकाजवळ जाऊन सांगत होती. कुणाला भाषा कळत नव्हती, कुणाला ऐकायचं नव्हतं. तेवढ्यात तू गाडीतून उतरलास. उयेन शाळेतून नुकती आली होती, तिने बघितलं. तू आईला बघितलंस, दादा. मधे पंचवीस पावलांची हिरवळ होती. आणि तू मोबाईल कानाला लावून उलटा वळलास.

उयेनवर रागावू नकोस. पंधरा वर्षांची पोर आहे, तिने मला सांगितलं कारण तिला ते एकटीला पेलेना. इमारतीच्या ग्रुपवर लोक खवळले होते, कुणी हे केलं, दंड करा, बाहेर काढा. त्याच दिवशी तू तिथे इंग्रजीत लिहिलंस. उयेनने त्याचं चित्र मला पाठवलं, आणि मला इंग्रजी नीट येत नाही म्हणून खाली आपल्या भाषेतही लिहून दिलं. 'झाल्या प्रकाराबद्दल मनापासून दिलगीर आहे. ही आमच्याकडे घरकामाला असलेली, गावाकडून आलेली वयस्कर बाई आहे. तिला अशा ठिकाणी राहायची सवय नाही. तिला कडक समज दिली आहे. पुन्हा असं होणार नाही.' त्याखाली उयेनने एवढंच विचारलं होतं, "आत्या, बाबांनी असं का लिहिलं?"

तूच सांग, मी तिला काय उत्तर देऊ? घाबरून लिहिलंस, हे मला कळतं. साठ-सत्तर लोक एकदम अंगावर आले की माणूस हाताशी येईल ते पुढे करतो. पण तुझ्या हाताशी आई आली! 'माझी आई आहे, तिचं चुकलं, मी तिच्या वतीने माफी मागतो' — मोजून बघ, तू लिहिलंस त्याच्या निम्मेही शब्द लागत नाहीत. आणि समज तरी कुठे दिलीस? त्या दिवशी घरी येऊन तू तिला म्हणालास, "जाऊ दे आई, लोक विसरतील." केवढं प्रेमाने म्हणालास! ती अजून सांगते, "लुअन एक शब्द बोलला नाही गं मला."

लोक विसरले नाहीत. त्यांनी तुझं म्हणणं खरं मानलं, एवढंच. तुमच्या शेजारच्या, बावीसशे पाच नंबरच्या बाईने आईला मागच्या लिफ्टपाशी गाठलं आणि खुणेने विचारलं, गुरुवारी याल का? आईने मला इथे आल्यावर हे हसत हसत सांगितलं. तिला वाटलं, पोरीचा हात धरला म्हणून बोलावणं आलं. तिने नवाकोरा वाटणारा जोड घातला, अर्धा डझन पेरू घेतले, आणि गेली. तिथे त्या बाईने पेरू घेतले, हसून आभार मानले आणि तिच्यासमोर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग ठेवला. आई म्हणाली, "नडलेली दिसली बिचारी, नवरा सारखा फिरतीवर. मी म्हटलं चला, शेजारधर्म." ढीग संपवला. निघताना बाईने हातात पाकीट दिलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. तीन गुरुवार, तीन पाकिटं. मीही तिच्याबरोबर हसले. मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही, आणि कळूही द्यायचं नाही. उयेनलाही मी तसं बजावलं.

या जागी थांबून मी स्वतःसाठी कॉफी करून आले.

तुला आपली कोंबड्याची इस्त्री आठवते? पितळेची, झाकणाच्या खिटीवर कोंबडा बसवलेली. तुझ्या शाळेचा पांढरा शर्ट एकच होता. आई तो रोज धुवायची आणि पहाटे निखारे भरून इस्त्री करायची, राखेचा कण पडू नये म्हणून इस्त्री आधी केळीच्या पानावर फिरवून. त्या जळक्या पानाच्या वासाने मी जागी व्हायचे. माझ्या शर्टाला इस्त्री नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही असं नाही, वाटलं होतं. मी एकदा विचारलंही होतं. आई म्हणाली, "तो मोठ्या गावात जाऊन मोठ्या लोकांत बसणार आहे. त्याच्याकडे कुणी वरून खाली बघायला नको." तिचे ते शर्ट घालून तू जिथे पोचलास तिथेच शेजारच्या घरात उभी राहून तिने परक्यांच्या चादरींना इस्त्री केली.

आणि ते जेवण. तेही मला ठाऊक आहे. शेजाऱ्यांशी पुन्हा गोडी व्हावी म्हणून तू मजल्यावरच्या तीन घरांना बोलावलंस. आईने दोन दिवस खपून कमळाच्या देठांची कोशिंबीर केली, नारळाच्या पाण्यात डुकराचं मटण शिजवलं, तांदळाच्या पापडाच्या गुंडाळ्या वळल्या. कोनाड्याचं दार बंद होतं. पाहुणे टेबलाशी बसले आणि आई आतून ताटं आणत राहिली. ती अशीच करते, सगळ्यांचं झाल्याशिवाय बसत नाही, हे मान्य. पण दर वेळी कुणीतरी म्हणतंच ना, आई, आता बस. त्या दिवशी तू म्हणाला नाहीस. वहिनी उठायला लागली तर तू तिच्या हातावर हात ठेवलास, असं उयेन सांगते. मग बावीसशे पाचवाली बाई म्हणाली, तुमच्या बाईंच्या हाताला काय चव आहे, आणि इस्त्री तर इतकी सुरेख करतात! त्या क्षणी तुला कळलं, आपली आई गुरुवारी कुठे जाते ते. तू घोटभर पाणी प्यायलास आणि म्हणालास, थँक यू. उयेन ताटावरून उठून गेली. तू तिला नंतर रागावलास, पाहुण्यांसमोर असं उठतात का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर आईने बशीत नाणी टाकली. बाबांनी पहिल्या फटक्यात हो म्हटलं. तिने भांडं लाल कापडात बांधलं, करडं कार्ड खाली पहारेकऱ्याच्या हातात दिलं, आणि दुपारी चारला आमच्या दारात उभी. बसवाल्याने भांडं टपावर टाका म्हटलं तर त्याला म्हणाली, "माझ्या नवऱ्याला टपावर टाकू?" आणि शेजारच्या रिकाम्या जागेचंही तिकीट काढलं. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, "तिकडे फार उंच. कानात दडे बसतात." बस्स. तेवढंच. एकवीस दिवसांत तिने तुझ्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. म्हणून रविवारी तू जे विचारलंस, तिला काय कमी होतं, त्याचं उत्तर मीच देते. अडीचशे चौरस मीटर, दादा. चार न्हाणीघरं, दोन स्वयंपाकघरं, तीन बाल्कन्या. आणि एवढ्या ऐसपैस घरात बाबांना उघडं बसवायला एक भिंत नव्हती, आणि आईला 'आई' म्हणून उभं राहायला हातभर जागा नव्हती. हे कमी होतं.

आता हे पत्र का, ते. काल दुपारी आई कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. तिचं अक्षर आता हलतं, म्हणून म्हणाली, "मी सांगते, तू लिही. लुअनची माफी मागायची आहे." कसली माफी, म्हटलं. "जिन्यात उदबत्ती लावली, लोकांना उन्हात उभं केलं. न सांगता निघून आले. लिही." मी दात आवळून लिहीत गेले. मग म्हणाली, "आणि पुढे असं लिही, की मी तिथे कुणालाही काही बोलले नाही, तेव्हा तू निर्धास्त राहा." माझं पेन थांबलं. काय बोलली नाहीस, असं विचारलं. तिने सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली. मग सांगितलं. बावीसशे पाचवालीकडे स्वयंपाकाला आपल्या इकडची, त्रा विन्हची एक बाई आहे. तिने पहिल्याच गुरुवारी आईला विचारलं, "मावशी, शेजारच्या साहेबांनी लिहिलंय म्हणे, तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात, खरं का? चेहरा तर अगदी साहेबांसारखा आहे." आई मला म्हणाली, "आई आहे म्हटलं असतं तर माझा मुलगा सगळ्या इमारतीत खोटा पडला असता. म्हटलं, हो गं, कामाला आहे. आणि इस्त्री हातात घेतली." तिला सगळं माहीत होतं. पहिल्या गुरुवारपासून. पेरू घेऊन आई म्हणून गेली आणि बाई होऊन परत आली, आणि नंतरचे दोन गुरुवार, ते जेवण, ती ताटं, सगळं जाणूनबुजून, तुझं एक वाक्य खरं ठरवण्यासाठी. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. तिने सांगितलेलं माफीचं पत्र चार ओळींचं झालं. ते मी माझ्या पेटीत ठेवलं आहे. तिला वाटतंय, तेच टाकते आहे. तुला ते मिळणार नाही, दादा. तुझी तेवढी लायकी आज नाही. त्याऐवजी ही तीन पाकिटं घे. तिने एकही उघडलेलं नाही. बाबांच्या दिवसासाठी फळं आण म्हणून माझ्याकडे दिली होती, फळं मी माझ्याकडून आणीन. तू तुझ्या दारातून बाहेर पड, डावीकडे अकरा पावलं चाल, आईने ती मोजली आहेत, आणि ही पाकिटं त्या बाईच्या हातात परत दे. ती विचारेल, का? त्याचं उत्तर तुला तुझ्या तोंडाने द्यावं लागेल. इंग्रजीत दे, तुझं चांगलं आहे. मग उयेनसमोर बसून ग्रुपवरही लिही. हे झालं की बाराव्या तिथीला इकडे ये. बाबांचं श्राद्ध आहे, पहिली उदबत्ती थोरल्याने लावायची असते, आणि आपल्या छपरातून धूर सरळ वर जातो. झालं नाही, तर येऊ नकोस. मी आईला सांगेन, मीटिंग आहे. येणार असशील तर पांढरा शर्ट घालून ये. बसमध्ये चुरगळला तर इस्त्री मी करून देईन. आईला हात लावू देणार नाही.

रागावलेली, आणि तरीही तुझीच धाकटी,
थोआ